दिवाणी दाव्यात निर्धन पक्षकाराला वकील : कायद्यातील तरतूद आणि तिचा उपयोग

फौजदारी खटल्यात आरोपीजवळ वकील नसेल तर त्याला सरकारी खर्चाने वकील देण्यात येतो, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतही बहुतेकांना ठाऊक झाली आहे. दिवाणी दाव्याच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. शेताचा बांध, वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी, घराचा ताबा, उसनवार रकमेची वसुली, मृत्युपत्राचा खरेखोटेपणा अशा प्रकरणांत कोणी तुरुंगात जात नाही. तेव्हा त्यांत वकिलावाचूनही भागेल, असा एक समज रूढ आहे. हा समज घातक आहे. पांढुर्णा किंवा सौंसर परिसरातील एखाद्या विधवेच्या वाट्याची संत्र्याची बाग दाव्यात गेली, तर तिला शिक्षा झाली असे कोणी म्हणणार नाही. परंतु तिच्या मुलांच्या पुढील आयुष्याचा आधार त्या एका हुकूमनाम्याने नाहीसा होतो. संत्र्याचे झाड लावल्यापासून हाताशी येईपर्यंत काही वर्षे जातात. गेलेली बाग दुसऱ्या वर्षी पुन्हा उभी करता येत नाही.

अशा पक्षकाराला न्यायालयाने वकील नेमून द्यावा, ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये सातवा हेन्री राज्यावर असताना १४९५ साली एक कायदा झाला व निर्धन फिर्यादीला फीविना दावा चालविण्याची सवलत आणि मोबदला न घेता काम करणारा वकील देण्याचा अधिकार न्यायाधीशांकडे आला. त्या परंपरेतील सवलत पुढे आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत उतरली. १९०८ च्या संहितेतील आदेश ३३ हा तोच भाग होय. त्यात प्रथम केवळ न्यायालय शुल्काची सवलत होती. नादार म्हणून दावा दाखल करता येई. पण तो चालवावयाचा कसा आणि कोणी, याबद्दल संहिता मौन होती. शुल्क माफ झालेला परंतु वकील नसलेला पक्षकार साक्षीदारांची उलटतपासणी कशी घेणार, याचे उत्तर संहितेने सत्तर वर्षे दिले नाही.

ते मौन सुटण्यास बराच काळ लागला. मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्यासंबंधी समिती नेमली होती. १९५८ मध्ये मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात हा विषय पुन्हा मांडला आणि गरिबांना साहाय्य देणे हे राज्याचे कर्तव्य असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर १९७३ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर समितीचा अहवाल आला. त्यापुढील टप्प्यात न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी या चळवळीचे नेतृत्व केले. १९४९ च्या समितीचे अध्यक्ष हे त्यांचे वडील होत. १९७६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३९-क समाविष्ट झाला. मध्य प्रदेश विधानमंडळाने समाजातील दुर्बल घटकांसाठी विधी साहाय्य व विधी सल्ला देण्याचा स्वतंत्र अधिनियम केला. आणि संसदेने दिवाणी प्रक्रिया संहितेत व्यापक दुरुस्ती करून आदेश ३३ मध्ये नियम ९-क घातला. त्या दुरुस्तीने संहितेतील ‘नादार’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्दही काढून त्या जागी ‘निर्धन व्यक्ती’ या अर्थाचा शब्द योजला. गरिबीत लाज वाटावी असे काही नाही, हे कायद्याने आपल्या भाषेतही मान्य केले, एवढाच याचा अर्थ. तरी बोलण्यात ‘नादारीचा दावा’ हा शब्द अजून टिकून आहे.

निर्धन कोणाला म्हणावे?

नियम ९-क असे सांगतो की निर्धन व्यक्तीच्या बाजूने वकील नसेल आणि प्रकरणाची परिस्थिती तशी असेल, तर न्यायालय तिला वकील नेमून देऊ शकेल. हा वकील कसा निवडावा व त्याला न्यायालयाने कोणत्या सोयी द्याव्यात, याचे नियम राज्य शासनाच्या संमतीने उच्च न्यायालय करते. वाचकांनी येथे ‘नेमून देऊ शकेल’ हे शब्द लक्षात ठेवावेत. हा न्यायालयाचा अधिकार आहे. पक्षकाराचा निरपवाद हक्क नव्हे. हक्काची भाषा दुसऱ्या एका कायद्यात आहे, त्याकडे पुढे येऊ.

प्रथम निर्धन कोण, ते पाहणे आवश्यक आहे, कारण याच ठिकाणी अनेकजण विनाकारण माघार घेतात. ‘माझ्याकडे चार एकर आहेत, बैलजोडी आहे, मला कोण गरीब म्हणेल?’ असे म्हणून शेतकरी गप्प बसतो. कायद्याची कसोटी वेगळी आहे. दाव्यासाठी लागणारे न्यायालय शुल्क भरण्याइतके साधन त्या व्यक्तीजवळ आहे काय, एवढेच पाहावयाचे असते. हे साधन मोजताना दोन गोष्टी वगळल्या जातात. एक, ज्या मिळकतीबद्दल दावा आहे तीच मिळकत. आणि दुसरी, हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत जप्त होऊ शकत नाही अशी मालमत्ता. संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे स्त्रीला उतरविता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याला उपजीविकेसाठी लागणारी अवजारे, जनावरे व बियाणे, तसेच शेतकऱ्याचे किंवा मजुराचे स्वतःचे राहते घर, हे सर्व जप्तीतून मुक्त आहे. म्हणजे ज्या चार एकरांसाठी दावा करावयाचा ते चार एकर मोजावयाचे नाहीत आणि वखर ओढणारे बैलही मोजावयाचे नाहीत. हे सर्व वजा केल्यावर काय उरते, हा प्रश्न आहे. अनेक घरांत काहीच उरत नाही.

अर्जात वादपत्राचा सर्व मजकूर यावा लागतो. त्यासोबत अर्जदाराच्या स्थावर-जंगम मालमत्तेची अंदाजे किमतीसह यादी जोडून त्यावर सही व सत्यापन करावे लागते. अर्ज सामान्यतः स्वतः हजर राहून द्यावा लागतो. प्राथमिक चौकशी न्यायालयाचा प्रमुख लिपिकवर्गीय अधिकारी करतो. त्यानंतर विरुद्ध पक्षाला व सरकारी वकिलाला नोटीस जाते. यादीत काही लपविले, किंवा अर्जापूर्वीच्या दोन महिन्यांत निर्धन ठरण्यासाठी कपटाने मिळकत दुसऱ्याच्या नावे केली, तर अर्ज फेटाळला जातो. दाव्याचा खर्च परस्पर भागविणाऱ्या तिऱ्हाइताशी करार केला असल्यासही तेच घडते. तेव्हा गावात कोणी ‘खर्च मी करतो, निकाल लागला की अर्धी जमीन माझी’ असे म्हणून पुढे आला, तर त्याची मदत म्हणजे अर्जाचा घात होय. अर्ज मंजूर झाला म्हणजे तोच वादपत्र म्हणून नोंदविला जातो. मुदतीच्या कायद्याच्या दृष्टीने दावा अर्ज दिल्याच्या दिवशी दाखल झाला असे धरले जाते. चौकशीत गेलेला काळ अर्जदाराच्या अंगावर येत नाही.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. आदेश ३३ प्रमाणे शुल्क कायमचे माफ होत नाही, ते पुढे ढकलले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये आर. व्ही. देव प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. दावा जिंकल्यास शुल्काची रक्कम न्यायालय ज्याच्यावर बसवील त्याच्याकडून शासन ती वसूल करते व दाव्याच्या मिळकतीवर तिचा प्रथम बोजा राहतो. हरल्यास ती अर्जदाराकडून वसूल होऊ शकते. हुकूमनाम्याची प्रत जिल्हाधिकाऱ्याकडे जाते आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते. ही गोष्ट अर्जदाराला आधीच सांगणे हे सल्ला देणाऱ्या शिक्षकाचे, ग्रामसेवकाचे किंवा सचिवाचे काम आहे. वर्षानुवर्षांनी दारात वसुलीची नोटीस आली म्हणजे ‘फुकट’ या शब्दाबद्दलचा विश्वास उडतो, आणि तो केवळ त्या एका घरापुरता उडत नाही.

दुसरा आणि रुंद दरवाजा

आदेश ३३ ची वाट अरुंद आहे. ती मुख्यतः दावा करणाऱ्यासाठी आहे. ज्याच्यावर दावा झाला आहे त्याला तिचा उपयोग मुजराई किंवा प्रतिदावा मांडण्यापुरताच होतो. प्रत्यक्षात वकिलाची निकड अधिक वेळा त्याच्याच बाजूला असते. ही उणीव १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाने बऱ्याच अंशी भरून काढली. तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला.

या अधिनियमाचे कलम १२ दावा करणारा व दावा लढविणारा असा भेद करीत नाही. अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, मानवी व्यापार किंवा वेठबिगारीला बळी पडलेल्या व्यक्ती, तसेच पूर, अवर्षण, भूकंप यांसारख्या आपत्तीने किंवा जातीय अत्याचाराने ग्रासलेल्या व्यक्ती, या सर्वांना विनामूल्य विधी सेवेचा हक्क आहे. या वर्गांसाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा राज्य शासन नियमाने ठरविते. स्त्रीला ती केवळ स्त्री आहे म्हणून हा हक्क आहे. तिने पतीच्या किंवा भावाच्या उत्पन्नाचा दाखला आणण्याची आवश्यकता नाही. सौंसर तालुक्यातील गोंड शेतकऱ्यालाही उत्पन्न दाखवावे लागत नाही. उत्पन्नाची अट ज्यांना लागू आहे त्यांच्या बाबतीतही शपथपत्र पुरेसे मानता येते. शंका घेण्यास कारण असेल तरच अधिक चौकशी होते. अधिनियमाची एकच सर्वसाधारण अट अशी की दाव्यात किंवा बचावात सकृद्दर्शनी तथ्य असावे.

या अधिनियमातील ‘न्यायालय’ या शब्दाची व्याख्याही व्यापक आहे. दिवाणी, फौजदारी व महसुली न्यायालये तर तीत येतातच, शिवाय न्यायिक वा अर्धन्यायिक काम करणारी प्राधिकरणेही येतात. या भागातील लोकांना याचे महत्त्व विशेष आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ मधील कलम १७८ प्रमाणे खातेवाटणीचा अर्ज तहसीलदारापुढे होतो. तेथे मालकीहक्काचाच प्रश्न उपस्थित झाला, तर दिवाणी दावा दाखल करता यावा म्हणून तहसीलदार कामकाज तीन महिने थांबवितो. हे तीन महिने निर्णायक असतात. वकील शोधण्यात, त्याच्या फीची जुळवाजुळव करण्यात, ‘पोळा झाला की पाहू’ असे म्हणण्यात ते सरून जातात आणि मग वाटणी नोंदीप्रमाणे पुढे जाते. नोंदीत जिचे नाव कधी चढलेच नाही अशी बहीण तेथेच बाजूला पडते. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने मुलीला सहदायकी मिळकतीत मुलाइतका हक्क दिला, आणि वडील त्या तारखेस हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सांगितले. पण हा हक्क पटवाऱ्याच्या दप्तरात आपोआप उतरत नाही. थांबविलेल्या तीन महिन्यांच्या पहिल्या आठवड्यातच तिने विधी सेवा समितीकडे गेले पाहिजे.

तीच निकड समन्स आलेल्या माणसाची. समन्स बजावल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. न्यायालय कारणे नमूद करून ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. प्रतिवादी हजर झाला नाही तर दावा एकतर्फी चालतो. ‘जमीन माझ्या ताब्यात आहे, मी कशाला कोर्टात जाऊ’ हे वाक्य अनेक एकतर्फी हुकूमनाम्यांच्या मुळाशी असते. असा हुकूमनामा झालाच तर तो रद्द करून घेण्यासाठी तीस दिवसांत अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा गैरहजेरीला पुरेसे कारण होते, हे मात्र दाखवावे लागते. त्या अर्जासाठीही विधी सेवेतून वकील मिळतो. समन्स घेऊन आलेल्या बेलिफाला टाळल्याने दावा टळत नाही. समन्सचा कागद, त्यावरील तारीख आणि न्यायालयाचे नाव, एवढे घेऊन दुसऱ्याच दिवशी निघणे श्रेयस्कर.

अर्ज कोठे व कसा करावा?

तालुका पातळीवर विधी सेवा समिती असते आणि तेथील ज्येष्ठतम न्यायिक अधिकारी तिचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. मध्य प्रदेशात तिला तहसील विधिक सेवा समिती म्हणतात. पांढुर्णा व सौंसर या दोन्ही ठिकाणी दिवाणी न्यायालये आहेत. त्यामुळे अर्जासाठी छिंदवाड्यापर्यंत जाण्याचे कारण नाही. पांढुर्णा जिल्हा २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला, त्यानेही या गोष्टीत फरक पडत नाही. समिती तहसिलीच्या न्यायालयाशी जोडलेली असते. अर्ज स्थानिक भाषेत करता येतो. लिहिता न येणाऱ्याचे म्हणणे तोंडी ऐकून लिहून घेण्यात येते व त्यावर अंगठा घेतला जातो. टपालानेही अर्ज पाठविता येतो. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करून प्राथमिक माहिती घेता येते.

विधी सेवा म्हणजे केवळ वकील नव्हे. न्यायालय शुल्क, समन्सचा खर्च, प्रमाणित प्रती, कागदपत्रांचा अनुवाद यांचाही त्यात अंतर्भाव होतो. अनुवादाची बाब या भागात क्षुल्लक नाही. न्यायालयाचे काम हिंदीत चालते; घरातील जुने वाटणीपत्र मात्र मराठीत असते, क्वचित मोडीतही असू शकते. १९५६ पूर्वी छिंदवाडा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता व त्याची अपिले नागपूर उच्च न्यायालयात जात. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, हा भाग मध्य प्रदेशात राहिला आणि अपिलाची वाट जबलपूरकडे वळली. संत्री नागपूरच्या बाजारात, सोयरीक काटोल-नरखेड-वरुडकडे आणि अपील जबलपूरला, अशी येथील लोकांची स्थिती आहे. म्हणून कागद मराठीत आहे या कारणाने तो घरी ठेवून जाऊ नये. तो वकिलाला दाखवावा व अनुवादाची मागणी अर्जातच करावी.

या सोयरिकीतूनच आणखी एक प्रश्न उद्भवतो. सौंसरला सासर असलेल्या मुलीच्या वडिलांची शेती नरखेड किंवा वरुड तालुक्यात असली तर दावा कोठे करावयाचा? स्थावर मिळकतीचा दावा मिळकत ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तेथेच चालतो. शेती महाराष्ट्रात असेल तर दावाही तेथे, वकीलही तेथील विधी सेवा समितीकडून. आणि हातात खसऱ्याऐवजी सात-बाराचा उतारा लागेल. मिळकत दोन्ही बाजूंना विभागलेली असेल, तर त्यांपैकी कोणत्याही एका सक्षम न्यायालयात संपूर्ण मिळकतीसाठी दावा दाखल करता येतो. स्त्रीचा कलम १२ खालील हक्क राज्याची सीमा ओलांडल्याने कमी होत नाही, कारण अधिनियम केंद्राचा आहे. न्यायालय शुल्काच्या सवलती मात्र राज्याराज्यांत वेगळ्या असतात. तेव्हा त्या जेथे दावा करावयाचा तेथेच विचारून घ्याव्यात.

नेमलेल्या वकिलाबद्दल

समितीच्या नामिकेवरील वकिलाला मानधन विधी सेवा संस्थेकडून मिळते. पक्षकाराकडून फी, बक्षिसी किंवा ‘वरखर्च’ घेण्यास त्याला मनाई आहे. विनामूल्य सेवेचा दुसराही एक प्रकार आहे, ज्यात वकील स्वेच्छेने कोणाकडूनही मोबदला न घेता काम करतो. पैसे देण्याची ऐपत नसली तरी खऱ्या गरजूला विधी साहाय्य मिळावयास हवे, ही जाणीव वकिलाने ठेवावी, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम सांगतात. २०१७ मध्ये केंद्र शासनाच्या न्याय विभागाने अशा स्वेच्छेने पुढे येणाऱ्या वकिलांची नोंद ठेवण्यासाठी ‘न्यायबंधू’ ही योजना सुरू केली. तथापि स्वेच्छेवर किती भिस्त ठेवावी याला मर्यादा आहे. अमेरिकेत फौजदारी खटल्यातील वकिलाचा हक्क १९६३ मध्ये गिडिअन प्रकरणाने प्रस्थापित केला. पण आईचे मुलावरील हक्क काढून घेण्याच्या दिवाणी प्रकरणातसुद्धा वकील दरवेळी दिलाच पाहिजे असे नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिला. संघीय न्यायालये निर्धनाचे काम घेण्याची वकिलाला विनंती करू शकतात, सक्ती नाही, असे १९८९ मध्ये ठरले. युरोपात उलट वारे होते. पतीपासून न्यायिक विभक्तता मागणाऱ्या आयर्लंडमधील श्रीमती एअरी यांना वकिलाची फी परवडत नव्हती. १९७९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. आपल्या कायद्याने मानधन देणारी संस्था उभी केली व हक्क कलमात लिहिला. या बाबतीत भारतीय कायदा अमेरिकेच्या पुढे आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. मानधन तुटपुंजे असेल तर अनुभवी वकील नामिकेवर यावयास राजी होत नाहीत, ही अडचणही तितकीच खरी आहे.

नेमलेला वकील तारखांना हजर राहत नसेल, कागद मागूनही दाखवीत नसेल किंवा पैसे मागत असेल, तर पक्षकाराने निमूटपणे सहन करू नये. समितीच्या अध्यक्षांकडे लेखी वा तोंडी तक्रार करावी. वकील बदलून मिळतो. त्यासाठी नेमणुकीच्या आदेशाची प्रत पहिल्याच दिवशी मागून घ्यावी आणि प्रत्येक तारखेस काय झाले हे एका वहीत लिहून ठेवावे. लिहिता येत नसेल तर शाळेतील मुलाकडून किंवा गुरुजींकडून लिहून घ्यावे. प्रकरण लोकअदालतीत तडजोडीसाठी जात असेल तेव्हा ही वही विशेष उपयोगी पडते. तेथील निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते आणि त्यावर अपील होत नाही. म्हणून तडजोडीच्या कागदावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी त्यातील गट क्रमांक किंवा खसरा क्रमांक, क्षेत्र, विहिरीचे पाणी व जाण्यायेण्याची वाट या चार गोष्टी नेमलेल्या वकिलाकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात.